मुलगा पहिल्यांदा बोटीवर चाललाय, चाच्यांचं काय?

प्रश्न: आम्ही कोथरूडला राहतो. मुलगा वीस वर्षांचा आहे, डेक कॅडेट म्हणून पहिल्यांदाच बोटीवर चाललाय. जहाज बल्क कॅरियर, म्हणजे कोळसा-धान्यासारखा सुटा माल नेणारं, आहे, मुंद्र्याहून माल भरून दक्षिण आफ्रिकेत डर्बनला जाणार. दीर म्हणतात, सोमालियाचे चाचे परत सुरू झालेत. कंपनीकडून बंदूकवाले गार्ड लिहून घ्या, नाहीतर पाठवू नका. खरंच एवढा धोका आहे का? आणि घरी बसून आम्ही नेमकं काय बघायचं?

ताई, आधी उत्तर, कारणं मागाहून. पाठवा. गार्ड लिहून मागू नका, ते तुमच्याच काय, कॅप्टनच्याही हातात नसतं. पण साइन ऑन, म्हणजे बोटीवर रुजू, होण्याआधी काही कागद मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. मी पंचवीसेक वर्षं बोटीवर काढली, शेवटची काही कॅप्टन म्हणून. आता सिंहगड रोडला असतो. पुण्याला समुद्र नाही, पण आमच्या एका सोसायटीत तीन घरं बोटीवरची आहेत, त्यामुळे हा प्रश्न मला जिन्यातसुद्धा विचारला जातो.

तुमचे दीर उगाच घाबरवत नाहीयेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘हेलास ॲफ्रोडाइट’ नावाच्या टँकरवर सोमालियाच्या किनाऱ्यापासून शेकडो मैल दूर चाचे चढले. ते जहाज गुजरातेतल्या सिक्क्याहून डर्बनलाच निघालं होतं, म्हणजे जवळजवळ तुमच्या मुलाचाच रस्ता. मशिनगन होत्या, रॉकेट होती. पण बातमीचा पुढचा भाग व्हॉट्सॲपवर फिरत नाही. चोवीसच्या चोवीस माणसं आतल्या सुरक्षित खोलीत जाऊन बसली, स्पेनची युद्धनौका दुसऱ्या दिवशी पोचली, चाचे त्याआधीच पळाले होते. कुणाला खरचटलंही नाही. हे कसं जमतं ते सांगतो, म्हणजे मुलाला काय शिकायचंय ते कळेल.

तत्पूर्वी एक गोष्ट. सगळे चाचे एका माळेचे मणी नसतात. सोमालियाच्या चाच्याला जहाज आणि माणसं दोन्ही हवी असतात. किनाऱ्याला नेऊन नांगर टाकायचा आणि महिनोन् महिने खंडणीची घासाघीस करायची. पश्चिम आफ्रिकेत, गिनीच्या आखातात, जहाज सोडून देतात आणि माणसं उचलून नायजेरियाच्या खाडीतल्या जंगलात नेतात. २०२० साली जगभरात जहाजांवरून १३५ खलाशी पळवले गेले, त्यांतले १३० एकट्या त्या आखातातले. त्याच्या आदल्या डिसेंबरात ‘ड्यूक’ टँकरवरून वीस भारतीय नेले होते. एकोणीस परत आले. सिंगापूरच्या सामुद्रधुनीत मात्र बहुतेक वेळा रात्रीची भुरटी चोरी असते, इंजिनाचे स्पेअर पार्ट घेऊन पसार. आणि तांबड्या समुद्रात येमेनच्या हूती बंडखोरांनी २०२३ पासून जहाजांवर क्षेपणास्त्रं डागली ती चाचेगिरीच नव्हे, ते युद्ध आहे. तिथे तारेची कुंपणं लावून काही होत नाही, रस्ता बदलणं हाच उपाय. कंपनीला विचारायचं असेल तर हे विचारा: पुढचा प्रवास तांबड्या समुद्रातून आहे का, नायजेरियातल्या लागोसकडे आहे का? मला डर्बनपेक्षा त्याची काळजी जास्त वाटेल.

(कुणीतरी आंग्र्यांचं नाव काढेलच, म्हणून आधीच सांगतो. कान्होजींना इंग्रजांनी चाचे म्हटलं ते त्यांचा दस्तक, म्हणजे समुद्रातून जायचा परवाना, घ्यावा लागू नये म्हणून. आपल्या पाण्यात कर मागणारा सरखेल आणि परक्या जहाजावर शिडी लावणारा पोरगा, यांत फरक आहे.)

आता हल्ला कसा होतो ते. एखादं मासेमारीचं गलबत किंवा ट्रॉलर आधी पळवतात, त्यावर डिझेल, पाणी, अन्न भरतात आणि दोन-तीन छोट्या होड्या मागे बांधून खोल समुद्रात येतात. या होड्यांना आम्ही स्किफ म्हणतो. दोन आउटबोर्ड इंजिनं लावली की स्किफ पंचवीस नॉटनं, म्हणजे ताशी पंचवीस सागरी मैलांनी, पळते, रिकाम्या रस्त्यावरच्या स्कूटरइतकी. तुमच्या मुलाचं भरलेलं जहाज बारा-तेरा नॉटनं जाणार, म्हणजे सायकल. पाठलागात आपण हरणारच. पण चाच्याला नुसतं गाठून भागत नाही, हलत्या जहाजाच्या उभ्या भिंतीला शिडी लावून चढावं लागतं. पाण्यापासून डेकपर्यंतची ती उंची म्हणजे फ्रीबोर्ड. रिकामं जहाज पाण्यावर उंच तरंगतं, भरलेलं खाली बसतं. आठ मीटरच्या वर फ्रीबोर्ड असेल तर शिडी लावणं फार अवघड, आणि अठरा नॉटच्या वर वेग असलेल्या जहाजावर चाचे चढल्याची नोंदच २०१० च्या आसपासच्या धामधुमीच्या वर्षांत झाली नव्हती. म्हणून कंटेनर जहाजं फारशी सापडत नाहीत आणि भरलेले बल्क कॅरियर, टँकर सापडतात. हे लपवून काय करू, तुमच्या मुलाचं जहाज दुसऱ्या गटातलं आहे.

ऋतूही बघावा लागतो. आपल्याकडे मृगाचा पाऊस लागतो तेव्हा तिकडचा समुद्र इतका खवळतो की स्किफला बाहेरच पडता येत नाही. गणपती उठले, नवरात्र आलं की समुद्र हळूहळू निवतो आणि त्यांचा धंदा सुरू होतो, तो पुढच्या वैशाखापर्यंत. वर सांगितलेला टँकर नोव्हेंबरातला, ‘रुएन’ हे पळवलेलं मालवाहू जहाज (त्याचं पुढे सांगतो) डिसेंबरातलं, बांगलादेशचं ‘अब्दुल्ला’ मार्चमधलं. मुलगा जून ते ऑगस्टमध्ये जात असेल तर चाच्यांपेक्षा उलटीच्या गोळ्यांची काळजी करा.

आता बचाव. याला फारसं रोमांचक काही लागत नाही, आणि म्हणूनच कामचुकार जहाजांवर ते नीट होत नाही.

धोक्याच्या पट्ट्यात शिरण्याआधी दोन-तीन दिवस डेकच्या कडेनं रेझर वायर लावतात, ब्लेडसारखी पाती असलेल्या तारेची भेंडोळी. मुलाचा पहिला संबंध याच्याशी येणार. एकदा अमिरातीतल्या फुजैरा बंदराच्या बाहेर, मे महिन्यात, लोखंडी डेकवर अंडं तळलं जाईल अशा उन्हात आम्ही ती लावत होतो. भेंडोळं सोडलं की ते सापासारखं उसळतं. चामड्याचे लांब हातमोजे घालूनही बोसनच्या, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमाच्या, मनगटावर दोन इंचाची चीर गेली. अलिबागकडचा माणूस, पट्टी बांधून पुन्हा कामाला. कंपनीला आम्ही नव्वद भेंडोळी मागितली होती, पाठवली चाळीस. पुढचा भाग आणि मागचा भाग झाकून मधली कड उघडी राहिली. मग बोसननं जुने बॉयलर सूट काढले, त्यांत चिंध्या कोंबल्या, डोक्यावर हेल्मेट ठेवली आणि ब्रिजच्या, म्हणजे जहाज जिथून चालवतात त्या वरच्या खोलीच्या, दोन्ही अंगांना, डेकवर जागोजागी बुजगावणी उभी केली. एकाच्या हातात लोखंडी पाइप दिला. हसू नका, लांबून दुर्बिणीत ती पहारेकऱ्यासारखीच दिसतात, आणि हा उपाय जहाजांसाठीच्या अधिकृत मार्गदर्शक पुस्तिकांतसुद्धा आहे. भेंडोळी कमी पाठवण्याबद्दल मी जे पत्र लिहिलं त्याचं उत्तर मात्र आजतागायत आलेलं नाही.

तार झाली की आग विझवायचे होज कडेला बांधून पाण्याचे फवारे चालू ठेवतात. बाहेरचे जिने, दारं आतून बंद. डेकवर एकट्यानं जायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, लुकआउट, म्हणजे समुद्रावरचा पहारा, वाढवायचा. कॅडेट असल्यानं मुलाला ब्रिजवर दुर्बीण घेऊन तासन् तास उभं करतील. कंटाळा येईल. पण माझ्या अनुभवात जहाज वाचवण्यात रेझर वायरपेक्षा त्या दुर्बिणीचा वाटा मोठा.

मी चीफ ऑफिसर, म्हणजे कॅप्टनच्या खालोखालचा अधिकारी, असतानाची गोष्ट. एडनच्या आखातात पहाटे चार ते आठची वॉच माझी. सव्वासहाला मागून, उगवत्या सूर्याच्या तिरिपेतून, दोन स्किफ येताना दिसल्या. मच्छीमारसुद्धा असे अंगावर येतात. त्यांचं जाळं आपल्या पंख्यात अडकू नये म्हणून हाकलायला येतात. मग ओळखायचं कशावरून? जाळी आहेत का, माशांची खोकी आहेत का, माणसं किती? मच्छीमारांत दोन-तीन असतात, इथे एकेकीत सहा. माझ्या बाजूला उभ्या असलेल्या कॅडेटनं विचारलं, ‘सर, ते आडवं काय आहे?’ दुर्बीण घेतली तर शिडी. मासे पकडायला शिडी लागत नाही. अलार्म दिला, कॅप्टन बनियनवरच वर आले, इंजिनाला जेवढं जमेल तेवढं पिळलं, तेरा नॉटच्या वर काही जाईना. मग सुकाणू थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, म्हणजे जहाजाच्या अंगाशी लाट उसळते आणि स्किफला चिकटता येत नाही. आमच्याकडे चार गार्ड होते. त्यांनी गोळी झाडली नाही, नुसते ब्रिजच्या बाहेर येऊन रायफली डोक्याच्या वर आडव्या धरून उभे राहिले. पाऊण मैलावरून दोन्ही स्किफ वळल्या. सगळा खेळ अकरा मिनिटांचा. कॅडेटला त्या दिवशी दोन वेळचं आइस्क्रीम मिळालं.

म्हणजे गार्डचा उपयोग आहे, हे मी स्वतः पाहिलंय. २०१० मध्ये सोमाली चाच्यांनी ४९ जहाजं पळवली आणि जगभरात १,१८१ खलाशी ओलीस गेले. त्यानंतर जहाजांवर शस्त्रधारी पथकं येऊ लागली, आपल्या सरकारनंही २०११ मध्ये परवानगी दिली आणि दोन-तीन वर्षांत आकडे कोसळले. अर्थात त्यात युद्धनौकांचा आणि तारेचाही वाटा होता. पण बंदूक म्हटली की चूक आलीच. फेब्रुवारी २०१२ मध्ये केरळच्या किनाऱ्याजवळ ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन टँकरवरच्या त्यांच्या नौसैनिकांनी आपले दोन मच्छीमार चाचे समजून मारले. दहा कोटींच्या भरपाईवर ते प्रकरण मिटायला २०२१ उजाडलं. शिवाय प्रत्येक बंदरात हत्यारांच्या परवानगीचं वेगळं झेंगट. गार्ड घ्यायचे की नाही हे मालक, विमा कंपनी आणि जहाजाचा झेंडा ज्या देशाचा तो देश, मार्ग बघून ठरवतात. कॅडेटच्या आईच्या पत्रावर ते बदलत नाही. गार्ड असले तरी मुलाला बंदुकीला हात लावू देणार नाहीत, आणि तेच बरोबर आहे.

समजा, एवढं करूनही चाचे चढलेच. मग सिटॅडेल. हे लक्ष देऊन वाचा आणि मुलालाही वाचायला द्या. सिटॅडेल म्हणजे जहाजाच्या पोटातली, बहुतेक वेळा इंजिन रूम किंवा सुकाणूयंत्राच्या भागातली, पोलादी दारांची जागा. आत तीन दिवसांचं पाणी, कोरडं खाणं, औषधं, शौचाची सोय आणि बाहेरच्या ॲन्टेनाला जोडलेला सॅटेलाइट फोन. खाली जाताजाता कॅप्टन एक लपवलेलं बटण दाबतो. जहाजावर काही वाजत नाही, पण कंपनीला आणि झेंड्याच्या देशाला संदेश जातो. इंजिन बंद करून, वीज तोडून सगळे आत. वर चाच्यांच्या हाती नुसतं थांबलेलं लोखंड उरतं. ते चालवता येत नाही, ओलीस धरायला माणूस नाही, आणि कुठूनतरी युद्धनौका निघालेली असते.

यात एकच अट, माणूस न् माणूस आत हवा. एक जरी बाहेर राहिला तर चाचे त्याच्या कानाला बंदूक लावून दार उघडायला लावतात, आणि ओलीस वर असताना नौदलाचे कमांडोही चढत नाहीत. आम्ही सराव करत होतो. बावीस माणसं, मोजली तर एकवीस. पुन्हा मोजली, एकवीस. सात मिनिटांनी मेसमन, जेवण वाढणारा, धापा टाकत आला, दापोलीचा पोरगा. कुठे होतास? ‘सर, हॉटप्लेट बंद करायला गेलो होतो, डाळ लागली असती.’ कॅप्टन एरवी तोंडानं फटकळ, त्या दिवशी शांतपणे म्हणाले, ‘जळू दे रे डाळ.’ त्यानंतर आमच्या जहाजावर अलार्म वाजला की एकमेकांना ‘डाळ जळू दे’ असंच ओरडायचे. रशियन सेकंड इंजिनिअरसुद्धा.

खऱ्या प्रसंगात हे कसं चालतं याचं चांगलं उदाहरण ‘लीला नॉरफोक’ हे बल्क कॅरियर. ४ जानेवारी २०२४ ला सोमालियाच्या पूर्वेला पाच-सहा हत्यारबंद माणसं चढली. २१ खलाशी, त्यांत १५ भारतीय, सगळे सिटॅडेलमध्ये. दुसऱ्या दिवशी ‘आयएनएस चेन्नई’ पोचली, नौदलाचे मार्कोस कमांडो चढले, तोवर वर कुणी नव्हतं.

‘रुएन’चं उलटं झालं. डिसेंबर २०२३ मध्ये ते चाच्यांच्या हाती गेलं आणि तीन महिने माणसं त्यांच्या ताब्यात होती. मार्च २०२४ मध्ये चाच्यांनी त्याचाच मदरशिप म्हणून, म्हणजे होड्या घेऊन फिरणारा तळ म्हणून, वापर सुरू केला, तेव्हा ‘आयएनएस कोलकाता’नं त्याला गाठलं. आपल्या किनाऱ्यापासून सुमारे २,६०० किलोमीटरवर हवाई दलाच्या सी-१७ मधून कमांडो रबरी होड्यांसकट समुद्रात उतरवले. चाळीस तास चाललं ते. ३५ चाचे शरण आले, १७ खलाशी धडधाकट सुटले. चाच्यांना मुंबईत आणून यलो गेट पोलिसांच्या ताब्यात दिलं, आणि या वेळी त्यांच्यावर लावायला २०२२ चा स्वतंत्र चाचेगिरीविरोधी कायदा होता. आधी आपल्याकडे असा कायदाच नसल्यानं चाचे पकडून आणले तरी कुठलं कलम लावायचं यावर वकिलांचा खल चालायचा. नव्या कायद्यात जन्मठेप आहे, जीव गेला असेल तर फाशीही.

आणि ओलीस गेलाच तर? हात दिसतील असे ठेवायचे, उलट बोलायचं नाही, शौर्य दाखवायचं नाही, फोटो काढायचे नाहीत. सुटकेच्या वेळी कमांडो आले की जमिनीवर पालथं पडून राहायचं. त्यांना पहिल्या क्षणी चाचा कोण आणि कॅडेट कोण हे कळत नसतं. सगळं लवकर सुटतं असंही नाही. २०१० मध्ये पळवलेल्या ‘ॲस्फाल्ट व्हेंचर’ जहाजावरच्या सात भारतीयांना खंडणी मिळूनही अडकवून ठेवलं, कारण आपल्या नौदलानं तेव्हा शंभरावर चाचे पकडले होते आणि त्यांना ते परत हवे होते. ते सात जण चार वर्षांनी, २०१४ मध्ये घरी आले. अशा काळात पगार थांबू नये अशी सुधारणा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारात २०२० पासून लागू आहे.

आता तुमचं काम. माझ्या मते पुण्यातून जाणाऱ्या पोरांना चाच्यांपेक्षा बोगस एजंटचा धोका कितीतरी मोठा आहे. जे एजंट लाख-दोन लाख घेऊन ‘लगेच जॉइनिंग’ देतात तेच पोरांना अशा जहाजांवर चढवतात जिथे ना रेझर वायर असते, ना विमा, ना संकटात फोन उचलणारा मालक. नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणंच बेकायदा आहे. कंपनीकडे आरपीएसएल, म्हणजे खलाशांची भरती करायचा सरकारी परवाना, आहे का, तो चालू आहे का, हे डीजी शिपिंग या केंद्र सरकारच्या जहाज खात्याच्या वेबसाइटवर पाच मिनिटांत दिसतं. करारावर जहाजाचं नाव आणि आयएमओ नंबर, म्हणजे जहाजाचा कायमचा ओळख क्रमांक, लिहिलेला हवा. विमा कुणाचा, ते विचारा. युद्धजन्य ठरवलेल्या भागात जायला नकार देऊन कंपनीच्या खर्चानं परत यायचा हक्क युनियनच्या बऱ्याच करारांत असतो. मुलाच्या करारात तो आहे का, बघा. नॉमिनी म्हणून तुमचा नंबर नीट लिहिलाय ना, हेही. मुंबईत डीजी शिपिंगचं चोवीस तासांचं संपर्क केंद्र आहे, त्याचा नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा, दिरांनाही द्या.

जहाजाचं नाव आणि तारखा घालून फेसबुकवर ‘आमचा कॅप्टन निघाला’ असं टाकू नका. आणि कधी काळी परदेशी नंबरवरून कुणी रडका आवाज ऐकवून पैसे मागू लागला तर बोलणी करू नका. चाचे मुद्दाम घरच्यांना फोन करतात, म्हणजे घरचे कंपनीवर दबाव आणतील. नंबर लिहून घ्या, कंपनीला कळवा, टीव्हीवाल्यांना नको.

शेवटचं, त्या मोबाइल ॲपबद्दल. जहाज नकाशावर ठिपक्यासारखं दिसणारं ॲप तुम्ही आजच उतरवून घ्याल, सगळेच घेतात. फुकटच्या ॲपला किनाऱ्यावरच्या रिसीव्हरवरून सिग्नल मिळतो आणि तो किनाऱ्यापासून पन्नासएक मैलांच्या पलीकडे पोचत नाही. मुंद्रा सोडल्यावर थोड्याच वेळात ठिपका एका जागी थिजेल आणि खाली ‘शेवटची नोंद’ म्हणून जुनी वेळ दिसेल. रात्री दोन वाजता उठून बघितलंत तरी तो तिथेच असेल. डर्बन जवळ येईपर्यंत, म्हणजे साधारण दोन आठवडे, तो तसाच राहणार.